जानकी अम्माळ आणि एका वकिलाचा पैसा

शिष्यवृत्तीचे मोल आपल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या घरातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर चारच वर्षांनी, 1917 साली, अमेरिकेतल्याच मिशिगन विद्यापीठात खास आशियाई स्त्रियांसाठी बार्बर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्या बळावर केरळची एक अवर्ण मुलगी जगन्मान्य वनस्पतिशास्त्रज्ञ झाली, हे मात्र चळवळीतही फार थोड्यांना माहीत आहे.

लेव्ही बार्बर हे डेट्रॉइटचे वकील. मिशिगनला शिकून मायदेशी परतलेल्या स्त्री डॉक्टरांचे काम त्यांनी आशियाच्या प्रवासात पाहिले आणि विद्यापीठाला पैसा दिला. वकिलीतला पैसा कुठे जावा, हे आम्हा काळ्या कोटवाल्यांनी जरा पाहून घ्यावे!

जानकी अम्माळ यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1897 रोजी मलबारातील तेल्लिचेरीत, तिय्या जातीत झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी. घर सुखवस्तू होते. त्यांना झोपडीतून आलेल्या म्हणून रंगवणे खोटेपणाचे होईल. पण तिय्या माणसाने सवर्णापासून किती अंतरावर थांबावे हे मलबारात रूढीने ठरलेले होते आणि वडिलांच्या हुद्द्याने जात पुसली जात नव्हती. देवळांची दारे बंद म्हणूनच नारायण गुरूंनी त्याच गावात 1908 साली जगन्नाथ मंदिर प्रतिष्ठापित केले.

मद्रासला शिकून जानकी तिथेच महाविद्यालयात शिकवू लागल्या. घरात नात्यातल्याच मुलाशी लग्नाच्या हालचाली सुरू होत्या. तेवढ्यात बार्बर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांनी बोट धरली. 1931 साली त्या मिशिगनच्या डॉक्टर ऑफ सायन्स झाल्या.

आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो तेव्हा मुलींचे पालक हटकून विचारतात, वनस्पतिशास्त्र किंवा समुद्रविज्ञान घेऊन पोट कसे भरणार? इंजिनिअरिंगला कोणी असे विचारत नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. झाडे, मासे, समुद्र यांचा अभ्यास करायला आपल्या किती मुली तिच्यावर गेल्या, हे माहिती अधिकारात विचारायला हवे.

पदवीने जात सुटत नाही, हे जानकींनाही कळले. 1934 साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात लागल्या. उसाचा रानटी गवतांशी, अगदी मक्याशीही, त्यांनी संकर केला. (आपल्याकडे शेतोशेती दिसणारा को 86032 हा नंतरचा वाणही याच संस्थेचा.) पण एकटी बाई, त्यात हलकी मानलेली जात, वरिष्ठ-सहकाऱ्यांत त्यांची कोंडी झाली. त्या इंग्लंडला गेल्या. तिथे युद्धकाळात काम करून 1945 साली डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश काढला.

1951 साली नेहरूंनी त्यांना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची फेररचना करायला बोलावले. मात्र 1954 साली मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाची खुर्ची मुंबईच्या सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव यांना दिली गेली. सांतापाव विद्वान होते, यात वाद नाही. पण बोलावले एकीला आणि बसवले दुसऱ्याला, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

पद्मश्री 1977 साली मिळाली. सरकारी सन्मान घेऊन त्या गप्प बसल्या नाहीत. ऐंशीच्या घरात असताना केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल बुडवणाऱ्या धरणाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या आणि तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी करायला घेतली. 7 फेब्रुवारी 1984 रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले.