बाबा राम सिंग कोण होते? शहीद चळवळीचे नेते, तरी वाद का?

लुधियाना जिल्ह्यात १८१६ मध्ये सुतार कुटुंबात जन्मलेले राम सिंग शीख फौजेत शिपाई होते. १८५७ च्या बैसाखीला भैणी गावात त्यांनी नामधारी म्हणजेच कुका चळवळ उभी केली. पांढरे कपडे, शाकाहार आणि हुंड्याविना साधी लग्ने ही तिची ओळख. १८७२ मध्ये काही कुकांनी मालेरकोटल्यावर हल्ला केला. ब्रिटिशांनी ६० हून अधिक कुकांना तोफेच्या तोंडी दिले. हल्ल्यात नसलेल्या राम सिंगांना ब्रह्मदेशात हद्दपार केले. १८८५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाल्याची नोंद आहे.

मग वाद कशाचा? गुरू गोविंदसिंगांनंतर गुरू ग्रंथ साहिब हेच गुरू, असे बहुसंख्य शीख मानतात. नामधारी मात्र राम सिंगांना बारावे गुरू म्हणतात. म्हणूनच स्वातंत्र्यलढ्यातील त्यांचे स्थान मान्य, गुरुपद मात्र अमान्य.