जॉर्ज कार्व्हर आणि मुळांवरच्या गाठी

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे अमेरिकेतले मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात डायमंड या गावाजवळ झाला. नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. त्यांची आई गुलाम होती आणि गुलामाच्या पोराचा वाढदिवस कोण लिहिणार? जॉर्ज तान्हा असताना लुटारूंनी त्याला व त्याच्या आईला पळवून नेले. मालक मोझेस कार्व्हर यांनी शोधायला माणूस पाठवला. जॉर्ज परत मिळाला. त्याच्या बदल्यात एक घोडा दिला असे सांगतात. आई मात्र कधीच सापडली नाही.

१८६५ साली गुलामगिरी संपली. मोझेस आणि त्यांची बायको सुझन यांनी जॉर्जला घरीच वाढवले. तो लई किडकिडीत होता, सारखा खोकायचा. म्हणून त्याला शेतातले जड काम देत नसत. तो सुझनबाईंना कपडे धुवायला, परसात भाजी लावायला मदत करायचा. रानात त्याने गुपचूप एक बाग केली होती. कोणाचे झाड सुकायला लागले की लोक त्यालाच बोलवायचे.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना घेत नव्हते. म्हणून तो निओशो गावाला चालत गेला आणि रात्री कोणाच्या तरी गोठ्यात झोपला. मग मरायाबाई वॅटकिन्स यांनी त्याला घरी ठेवून घेतले. मोठा झाल्यावर एका कॉलेजने पत्राने प्रवेश दिला, पण तो दारात गेल्यावर रंग बघून परत पाठवले. तरी त्याने शिक्षण सोडले नाही. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पैसे मिळवले. आधी चित्रकला शिकला, नंतर आयोवाच्या शेतकी कॉलेजात गेला आणि १८९६ मध्ये मोठी पदवी मिळवली. त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कार्व्हरना अलाबामा राज्यातल्या टस्कीगीच्या शाळेत बोलावून घेतले. ही शाळा काळ्या लोकांची होती. तिथे प्रयोगशाळाच नव्हती. कार्व्हर मुलांना घेऊन उकिरड्यावर गेले. फुटक्या बाटल्या, डबे, तारा गोळा केल्या आणि त्याचीच प्रयोगशाळा केली.

तिथली जमीन फार वाईट झाली होती. दरवर्षी कापूस, परत कापूस. शेतकरी दुसऱ्याची जमीन वाट्याने करायचे. बी आणि खाणे उधारीवर आणायचे. कापूस विकला तरी उधारी फिटायची नाही. खत घ्यायला पैसे कुठून आणणार? कार्व्हरांनी सांगितले की कापूस थांबवा आणि चवळी पेरा, भुईमूग पेरा. लोकांना ते पटेना. चवळीला कोण पैसे देणार असे त्यांना वाटायचे.

आता गाठींचे सांगतो. चवळी, भुईमूग, हरभरा, तूर यांच्या मुळांवर बारीक बारीक गाठी असतात. मला आधी वाटायचे की तो रोग आहे. पण त्या गाठींत जंतू राहतात. हेलरीगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये दाखवले की अशी झाडे जंतूंच्या मदतीने हवेतला नायट्रोजन घेतात. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी ते जंतू गाठीतून वेगळे काढले. कार्व्हरांना हे माहीत होते. म्हणून तर ते म्हणायचे की चवळी गरिबाला फुकट खत देते.

पण झाड त्या जंतूंना ताब्यात कसे ठेवते, हे कार्व्हर गेल्यानंतर शास्त्रज्ञांना कळत गेले. ते मला सगळ्यात आवडले. चवळीचे मूळ मातीत एक पदार्थ सोडते. म्हंजे ते जंतूंना बोलावणेच. मग जंतूही आपला एक पदार्थ सोडतात. तो ओळखीचा असला तरच मुळावरचा बारीक केस वाकडा होतो आणि जंतूला आत घेतो. आत गाठ बनते. झाड त्यांना साखर देते, ते झाडाला नायट्रोजन देतात. मात्र साखर झाडालाही लागते. म्हणून पुरेशा गाठी झाल्या की पानांकडून मुळांना निरोप जातो आणि नवीन गाठी थांबतात. जमिनीत आधीच भरपूर नायट्रोजन असेल तर झाड गाठी कमीच करते. आमच्या शेतात उकिरड्याजवळचा भुईमूग हिरवागार होता. तो उपटला तर गाठी अगदी थोड्या! बांधाजवळच्या बारक्या झाडाला खूप होत्या.

आणि जंतू आळशी निघाले तर? २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी सोयाबीनवर प्रयोग केला. काही गाठींना नायट्रोजन नसलेली हवा दिली. त्या जंतूंना काहीच देता येईना. तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू कमी केला असे दिसले, आणि ते जंतू कमी वाढले. कोण काम करतो ते झाडाला बरोबर कळते. आमच्या वर्गात सफाईच्या दिवशी असे झाले तर काही जणांचे अवघड होईल.

शेतकरी शाळेत येत नाहीत म्हणून १९०६ मध्ये कार्व्हरांनी घोडागाडी तयार करवली. तिच्यात अवजारे, बियाणे भरले आणि ती गावोगाव नेली. पुढे कापसावर बोंडे खाणारा किडा आला, तेव्हा लोकांनी भुईमूग पेरला. पण एवढ्या शेंगांचे करायचे काय? म्हणून १९१६ मध्ये कार्व्हरांनी भुईमुगाचे १०५ पदार्थ कसे करायचे ते पुस्तिकेत छापले. १९२१ मध्ये ते अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे भुईमुगाबद्दल बोलायला गेले. त्यांना दहाच मिनिटे दिली होती. पण ऐकणाऱ्यांना इतके आवडले की त्यांनीच वेळ वाढवून दिला.

कार्व्हरांनी लग्न केले नाही. साठवलेले पैसे त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकले. ५ जानेवारी १९४३ रोजी ते टस्कीगीलाच वारले.

या लेखाखाली मी भुईमुगाचे एक झाड दोऱ्याने बांधले आहे. बांधाजवळचेच आहे. पालकांनी मुळे जवळून बघावीत. गाठी कोणी तोडू नयेत. एक गाठ मीच फोडली आहे, कारण चांगले काम करणारी गाठ आतून लाल असते. काल ती लाल होती. आता वाळून तपकिरी झाली आहे.