शून्यावर चार गडी, आणि कप्तान हजारे

हजारे हे नाव घेतलं की आजच्या मुलांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे अण्णा हजारे, आणि दुसरी विजय हजारे करंडक. करंडकाचे सामने टीव्हीवर लागतात, हैदराबादचा संघ त्यात खेळतो, आदिलाबादच्या पोरांना स्कोअर तोंडपाठ असतो. पण ज्यांच्या नावाने हा करंडक आहे ते विजय हजारे कोण, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी तिथेच अडते. आणि ज्या जुन्या मंडळींना ते माहीत आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांना त्यांच्यासोबत एक आकडाही आठवतो: शून्यावर चार बाद. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यातला तो आकडा. त्या संघाचे कप्तान हजारे होते.

एका माणसाचं आयुष्य एका आकड्यात मावत नाही. म्हणून हा आकडाही सांगू, आणि त्याच्या आधीचं व नंतरचंही सांगू.

विजय सॅम्युएल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीला झाला. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळेत शिक्षक, घरात आठ भावंडं. म्हणजे पैशाची चैन नव्हती. त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरायचं तर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय मिळवावा लागे. हजाऱ्यांना तो मिळाला. आधी देवास, आणि पुढे आयुष्यभरासाठी बडोदा. दोन्ही ठिकाणं आजच्या महाराष्ट्राबाहेरची. सीमेपलीकडे राहून मराठी माणूस कसा घडतो, हे आपल्या पैनगंगेच्या अलीकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

त्यांची फलंदाजीला उभं राहण्याची पद्धत जरा विचित्र होती. दोन्ही पायांच्या मध्ये बॅट धरून ते उभे राहत. शाळेतल्या कुठल्याही मास्तरांनी ती पहिल्या दिवशीच बदलायला लावली असती. पण ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट संस्थानिकांच्या निमंत्रणावरून भारतात आले होते, त्यांनी हजाऱ्यांना पाहिलं आणि ही ढब आहे तशीच ठेवायला सांगितली. जाणकार माणूस काय बदलायचं नाही ते आधी ओळखतो, ते असं.

पुढे आकडे बोलू लागले. 1939-40 च्या हंगामात पुण्याला महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनी नाबाद 316 धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाचं हे पहिलं त्रिशतक. 1943 साली मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत तर गंमतच झाली. तेव्हा संघ धर्मावरून पडत: हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन, आणि पाचवा संघ रेस्ट, म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, बौद्ध असे सगळे या उरलेल्यांत. हजारे त्यात खेळत. त्या हंगामात त्यांनी 248 धावा केल्या आणि स्पर्धेतला विजय मर्चंट यांचा विक्रम मोडला. अंतिम सामन्यात मर्चंटनी हिंदू संघाकडून नाबाद 250 करून तो परत घेतला. मग त्याच सामन्यात हजाऱ्यांनी 309 केल्या. संघाच्या 387 पैकी 309! धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांची 300 धावांची भागीदारी झाली, त्यात विवेकचा वाटा होता 21 धावांचा. पण सामना? तो रेस्टने एक डाव आणि 61 धावांनी गमावला.

इथंच हजाऱ्यांच्या आयुष्याचा नमुना दिसतो. स्वतः डोंगराएवढं काम करायचं, आणि निकाल मात्र विरुद्ध बाजूला लागायचा.

नेहमीच असं झालं असं नाही. मार्च 1947 मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध बडोद्याचे 91 धावांत 3 गडी गेले होते. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागीदारी केली. गुल महंमद 319, हजारे 288. बडोदा जिंकलं. कुठल्याही गड्यासाठी जगातली सर्वांत मोठी भागीदारी म्हणून तो विक्रम 59 वर्षं टिकला. 2006 साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी तो मोडला.

पण जानेवारी 1948 मध्ये ॲडलेडला पुन्हा तोच नमुना. समोर ब्रॅडमन यांचा ऑस्ट्रेलिया, लिंडवॉल आणि मिलर यांचा तोफखाना. ऑस्ट्रेलियाने 674 केल्या, त्यात ब्रॅडमन 201. त्यांचा त्रिफळाही हजाऱ्यांनीच उडवला. मग फलंदाजीत पहिल्या डावात 116 आणि दुसऱ्या डावात 145. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना भारताने डावाने हरला.

आता कप्तानपदाकडे येऊ. 1951-52 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला आणि भारताची धुरा हजाऱ्यांकडे होती. दिल्लीला त्यांनी नाबाद 164 आणि मुंबईला 155 धावा केल्या. कानपूरला भारत आठ गडी राखून हरला. मग फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला विनू मंकड यांनी एका डावात 55 धावांत 8 आणि दुसऱ्यात 53 धावांत 4 गडी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली, आणि भारत एक डाव 8 धावांनी जिंकला. कसोटी क्रिकेट खेळायला लागल्यापासून भारताचा हा पंचविसावा सामना, आणि पहिला विजय. वीस वर्षांची वाट संपली ती हजाऱ्यांच्या नेतृत्वाखाली. ही गोष्ट मात्र शून्यावर चार इतकी कुणाला आठवत नाही.

चारच महिन्यांनी संघ इंग्लंडला गेला. देशभर अपेक्षा वाढलेल्या. पण घरातली तयारी कच्ची होती. मर्चंट निवृत्त झाले होते. मंकड लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डन क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते. मंडळाचं आणि त्यांचं जमलं नाही आणि ते दौऱ्याच्या संघात नव्हते. शिवाय इंग्लंडमध्ये तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत. पाऊस पडला की चेंडू भलतंच काही करायचा. आणि खरा वेग असलेला गोलंदाज आपल्याकडे नव्हताच, त्यामुळे अशा वेगाचा सराव तरी फलंदाजांना कुठून मिळणार?

5 जूनला लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर पहिली कसोटी सुरू झाली. 42 धावांत 3 गडी गेले तेव्हा हजारे आणि वीस वर्षांचे विजय मांजरेकर यांनी 222 धावा जोडल्या. मांजरेकर 133, हजारे 89. भारताच्या 293. इंग्लंडच्या 334 झाल्या, आणि त्यात पाच गडी घेतले हैदराबादच्या गुलाम अहमद यांनी. तेव्हा आपलं आदिलाबाद हैदराबाद राज्यातच होतं, म्हणजे ते आपल्याच राज्याचे गोलंदाज. एकंदरीत सामना बरोबरीत होता.

मग दुसरा डाव सुरू झाला. इंग्लंडकडून एक एकवीस वर्षांचा पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता. नाव फ्रेड ट्रूमन. यॉर्कशायरच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. आपल्या बेल्लमपल्ली, मंदमर्रीकडे खाणकामगारांची पोरं असतात तसा, दणकट आणि कुणाला न भिणारा. त्याने पंकज रॉयना शून्यावर बाद केलं. दत्ताजीराव गायकवाड बेडसरच्या गोलंदाजीवर शून्यावर गेले. मग माधव मंत्री शून्य, आणि लगेच पुढच्या चेंडूवर मांजरेकर शून्य. चौदा चेंडूंत चार गडी, आणि फलकावर एकही धाव नाही. चौघांपैकी तिघे मराठी, आणि एकानेही भोपळा फोडला नव्हता.

तेव्हा कप्तान हजारे मैदानात उतरले. समोर हॅट्ट्रिकचा चेंडू. तो त्यांनी निभावला. नंतर उम्रीगरही गेले, 26 वर 5 बाद. मग कोल्हापूरचे दत्तू फडकर जोडीला आले आणि दोघांनी 105 धावा केल्या. हजारे 56, फडकर 64. भारताच्या 165 झाल्या आणि इंग्लंडने सामना सात गडी राखून जिंकला. आकडेवारीच्या पुस्तकात शून्यावर चार हा विक्रम होऊन बसला. त्यानंतरच्या 56 धावांची आठवण फारशी कुणी ठेवली नाही.

लॉर्ड्सच्या कसोटीसाठी मंकडना क्लबकडून सोडवून आणलं. त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, एका डावात 73 षटकं टाकून पाच गडी घेतले. हजाऱ्यांनी नाबाद 69 आणि 49 केल्या. तरीही हार, आठ गड्यांनी. मँचेस्टरला तर कहर झाला. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर ट्रूमनने 31 धावांत 8 गडी घेतले. एकाच दिवसात भारत दोनदा बाद: आधी 58, मग 82. ओव्हलला डेव्हिड शेपर्ड यांनी इंग्लंडकडून 119 केल्या. हेच शेपर्ड पुढे लिव्हरपूलचे बिशप झाले. तिथे भारताचे 6 धावांत 5 गडी गेले होते, एकूण 98. त्यात हजारे 38. पाऊस मदतीला आला म्हणून सामना अनिर्णित राहिला. मालिका 3-0 अशी गेली.

आता जरा हिशोब मांडू. मद्रासला शतक करणाऱ्या उम्रीगरांच्या सात डावांत मिळून 43 धावा. पंकज रॉय सातपैकी पाच डावांत शून्यावर. आणि कप्तान हजारे? 89, 56, नाबाद 69, 49, 16, 16, 38. एकूण 333, सरासरी 55.50. म्हणजे घर पडत होतं तेव्हा एक खांब उभा होता. पण घर पडलं की खांबाचं कौतुक कोण करतं? दोष कप्तानाच्या डोक्यावर बसतो, आणि रीतीनं बघता तो बसायलाही हवा. संघ हरला की कप्तान हरला, हे हजाऱ्यांनीही नाकारलं नाही.

ते मुळात मितभाषी. दुसऱ्यावर आवाज चढवणं, मंडळाशी भांडून हवा तो माणूस मिळवणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. कप्तानपदाने त्यांच्या फलंदाजीचं नुकसान केलं, असं मर्चंट यांचं मत होतं. लगेच पाकिस्तानविरुद्ध कप्तानपद लाला अमरनाथांकडे गेलं. 1953 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर ते पुन्हा हजाऱ्यांकडे आलं; ब्रिजटाऊनला हार, बाकी चार सामने अनिर्णित, आणि या वेळी बॅटही रुसली. तोच त्यांचा शेवटचा कसोटी दौरा. चौदा कसोटींत कप्तान: एक विजय, पाच पराभव, आठ अनिर्णित. एकंदर 30 कसोटींत 2192 धावा, सात शतकं, सरासरी 47.65.

मग ते बडोद्याला परतले आणि खेळतच राहिले, रुसले-फुगले नाहीत. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची एकंदर 60 शतकं झाली आणि गोलंदाजीत 595 गडी. 1960 साली जसू पटेल यांच्यासोबत त्यांना पद्मश्री मिळाली. क्रिकेटपटूंना मिळालेली ही पहिली पद्मश्री. 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात वयाच्या 89 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आणि त्या शून्यवाल्यांचं काय झालं? पाच वेळा शून्यावर गेलेल्या पंकज रॉय यांनी 1956 मध्ये मद्रासला मंकड यांच्याबरोबर सलामीला 413 धावा जोडल्या. तो विक्रम अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. मांजरेकर भारताचे मोठे फलंदाज झाले. गायकवाड आणि गुलाम अहमद पुढे कधीतरी भारताचे कप्तान झाले. म्हणजे एक हंगाम बुडाला, माणसं बुडाली नाहीत.

परीक्षेत नापास झालेल्याला, कापसाचं पीक गेलेल्या घराला, अंतिम सामना हरलेल्या कॉलेजच्या टीमला गावात लोक त्या एका आकड्यावरून ओळखू लागतात. ते ओळखोत बापडे. पण फलकावर शून्याला चार असताना कुणीतरी पॅड बांधून आत जावंच लागतं. हजारे गेले, आणि 56 करून आले.