सायकलवाले लक्ष्मणराव

(बी. ए. भाग दोन)

मागल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फ्रान्समधल्या लोआर नदीची माहिती सांगितली. त्या नदीच्या काठाने सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलरस्ता केलेला आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, जुने राजवाडे, टुमदार गावे. २००० साली या खोऱ्याच्या मोठ्या भागाला जागतिक वारशाचा मान मिळाला. लोक सुटी काढून तेथे येतात, दिवसभर सायकल चालवतात, रात्री एखाद्या गावात मुक्काम करतात, आणि सकाळी पुन्हा पुढे निघतात. काही काम नाही, कोठे पोचण्याची घाई नाही. नुसते नदीच्या संगतीने जायचे!

मला ही गोष्ट नवलाची वाटली. आमच्या घरी सायकल म्हणजे कामाचे जनावर. तिच्यावर दुधाची कॅन जाते, युरियाचे पोते येते, दळण जाते. बैलाला जसे कोणी हौसेने फिरायला नेत नाही, तसे सायकललाही नाही. तरी दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच मित्रांनी ठरवलेच. लोआर नसली तर नसो, आपली पैनगंगा आहे. उमरखेडहून ढाणकी, तेथून बिटरगावकडचा जंगलाचा रस्ता आणि शेवटी सहस्रकुंडचा धबधबा असा बेत आखला. अंगावरचे दोन कपडे, पातळ चादर, भाकरी, ठेचा आणि पंप एवढे सामान.

राजवाडे काही दिसले नाहीत. पण कापसाने पांढरी झालेली शेते दिसली, तुरीचा पिवळा फुलोरा दिसला, अभयारण्यातले सागवान दिसले. नदीच्या अलीकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा; पाण्याला मात्र त्याचा पत्ता नाही. गावोगावी लोक थांबवून विचारत, की तुम्ही कोणत्या पक्षाचे, कशाचा प्रचार करता? आम्ही फक्त फिरायला निघालो आहोत, हे कोणालाही पटत नव्हते. एका म्हातारीने तर काही विकायला आणले असेल तर दाखवा म्हणून आग्रह धरला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा मोडला. पुढच्या गावी पंक्चरवाला मिळाला. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून तो बुडबुडे पाहत होता. मी सहज विचारले, की काका, आपल्या मुलखात सायकल पहिल्यांदा आणली तरी कोणी? त्यांनी मान वर न करता सांगितले, की कॉलेजात तुम्ही जाता, शोधून काढा आणि मलाही सांगा. आम्ही सगळे हसलो. पण तो प्रश्न काट्यासारखा माझ्या मनात राहिला.

सुटी संपल्यावर ग्रंथालयात शोधू लागलो. सगळ्या देशात पहिली सायकल कोणी आणली याचे उत्तर काही मिळाले नाही. पण त्या शोधात एक माणूस मला सापडला. नाव माहीत होते, कारण ते आमच्या विहिरीवरच्या पंपावर लिहिलेले आहे. हे नाव एका सायकलच्या दुकानापासून सुरू झाले, हे मात्र ठाऊक नव्हते. ते लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र पोथीत रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती, चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे. शाळेतल्या पाठांतराचा त्याला कंटाळा येई. वडिलांची इच्छा नसताना, मोठ्या भावाच्या आधारावर, तो मुंबईला गेला आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

येथे पहिला घाव बसला. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही, असे लक्षात आले. ज्याला चित्रकार व्हायचे आहे, त्यालाच रंग दिसू नयेत! हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. मीसुद्धा अकरावीला विज्ञान शाखा घेतली होती. बारावीत भौतिकशास्त्रात नापास झालो आणि एक वर्ष घरी राहून कापूस वेचला. कला शाखेत नाव घातले तेव्हा गावात काही जणांनी मला ऐकू येईल अशा बेताने कीव केली. त्यामुळे लक्ष्मणरावांनी पुढे काय केले, हे मला जाणून घ्यायचेच होते.

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने काढण्यात त्यांचा हात पक्का होता. तेवढ्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता ते तेथील कारखान्यात यंत्रे हाताळू लागले, बिघडलेली यंत्रे दुरुस्त करू लागले, परदेशी यंत्रविषयक नियतकालिके वाचू लागले. जे शिकवायचे ते आधी हाताने करून पाहायचे, असा त्यांचा शिरस्ता पडला.

याच मुंबईत त्यांची सायकलशी गाठ पडली. तो काळ सायकलच्या बालपणाचा होता. दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल इंग्लंडात १८८५ साली बाजारात आली होती. डनलॉपने हवेच्या टायरचा हक्क नोंदवला तो १८८८ साली. आणि त्याच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाची सुरुवात धरली जाते. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या, आणि तेथे मोठे बंधू रामूअण्णा यांनी त्या विकायच्या, अशी वाटणी होती. सायकल घेणाऱ्याला ती चालवायला शिकवण्याचे कामही रामूअण्णांकडेच होते. एका सायकलची किंमत त्या वेळी सातशे ते हजार रुपये होती आणि शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

सातशे रुपये! त्या काळी एवढ्या पैशात माझ्या पणजोबांनी शेत घेतले असते. म्हणजे आज जी गरिबाची गाडी आहे, ती तेव्हा साहेबांची आणि सावकारांची हौस होती. पण प्रत्येक नवी वस्तू आधी श्रीमंताच्या अंगणात येते आणि मग हळूहळू खाली उतरते. उतरायला किती पिढ्या लागतात, एवढाच प्रश्न.

मुंबईच्या नोकरीत दुसरा घाव बसला. बढतीची जागा आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे आले. पगाराची नोकरी सोडून सायकलच्या दुकानात बसणारा माणूस त्या काळच्या लोकांना वेडाच वाटला असेल.

दुकानात विक्रीबरोबर दुरुस्ती आली आणि दुरुस्तीबरोबर हत्यारे आली. यंत्राकडे पाहणारी त्यांची दृष्टी आता शेतीकडे वळली. गुरांचा कडबा कापायला एक यंत्र त्यांनी तयार केले. कडबा अख्खा टाकला तर जनावर अर्धा खाते आणि अर्धा तुडवते, हे शेतकऱ्याच्या घरी कोणालाही सांगावे लागत नाही. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

नांगर चांगला होता, पण घ्यायला कोणी तयार नव्हते. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी लोकांची समजूत होती. बापजाद्यांचा लाकडी नांगर सोडायचा कसा? पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. मला या शेतकऱ्यांना अडाणी म्हणवत नाही. ज्याचे एकच पीक आणि एकच जमीन आहे, तो प्रयोगाला भिणारच. माझे वडील आजही नवे बियाणे घेताना आधी शेजाऱ्याच्या शेतातले पीक पाहतात. लक्ष्मणरावांचे मोठेपण असे, की त्यांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. ते नांगर सुधारत राहिले आणि जमिनीत चालवून दाखवत राहिले.

धंदा उभा राहतो न राहतो तोच तिसरा घाव बसला. गावाच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. कारखाना उचलून न्यायचा कोठे? त्या वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. राजे स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ दिला आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. १९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव आपली माणसे घेऊन त्या माळावर उतरले. माळावर निवडुंगाचे रान आणि सापांचा सुळसुळाट. त्यांनी निवडुंग तोडला, झोपड्या उभारल्या आणि भट्टी पेटवली. कृष्णेच्या खोऱ्यातल्या त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

किर्लोस्करवाडी नुसता कारखाना नव्हता, ते गाव होते. रामूअण्णांनी गावाची घडी बसवली. शंभोराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे अशा सहकाऱ्यांनी कारखाना आणि हिशेब सांभाळले. यांपैकी कोणी पदव्यांची भेंडोळी घेऊन आला नव्हता. माणसाला काय येत नाही यापेक्षा काय येईल, हे लक्ष्मणराव पाहत. वाडीत शिवाशिव पाळायची नाही असा नियम होता. चोर म्हणून शिक्का बसलेल्या माणसांनाही त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम विश्वासाने दिले आणि त्यांनी तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला तरी काम थांबले नाही. १९२० साली कंपनी मर्यादित झाली. उसाचे चरक आले, भुईमूग फोडण्याची यंत्रे आली, पाण्याचे पंप आले. त्याच वर्षी वाडीतून एक मासिक निघू लागले आणि ते पुढे 'किर्लोस्कर' या नावाने प्रसिद्धीस आले. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. मागाहून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाचकाचीही मशागत झाली, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याने विसरू नये. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही काही काळ किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी भ्रमंती केली. ज्या खेड्यांत ते नांगर घेऊन गेले, तेथली शाळा नसलेली मुले त्यांनी पाहिली. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

हा लेख लिहितो आहे म्हटल्यावर माझा एक मित्र माझ्याशी भांडला. कारखानदार हा आपल्यासारख्यांचा नायक कसा होईल, असे त्याचे म्हणणे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. लक्ष्मणरावांना हात देणारे भाऊ होते, पाठीशी राजा होता. माझ्या वडिलांना बिनव्याजी दहा हजार कोणी देत नाही. केवळ जिद्दीने सगळे होते असे म्हणणे म्हणजे ज्यांचे काही झाले नाही त्यांना आळशी ठरवणे होय, आणि यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी असे म्हणू नये. आमच्याकडे कष्टात कमी न पडलेली माणसे कर्जाने खचलेली आम्ही पाहिली आहेत. तरीसुद्धा एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतो. रंग दिसेनात तर त्यांनी रेषा धरली, बढती मिळेना तर दुकान धरले, जागा गेली तर माळ धरला. दर वेळी हातात जे उरले त्यातून त्यांनी पुढचे काम काढले.

सुटीत घरी गेलो तेव्हा हे सगळे मी बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. मला गोठ्यामागे घेऊन गेले आणि कुडाला टेकवलेला एक गंजका नांगर त्यांनी दाखवला. तो आजोबांचा. आता बैल नाहीत, नांगरटी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते, म्हणून तो पडून आहे. मी पोत्याने घासून पाहिले तर लोखंडावर ओतलेली अक्षरे उमटली. आडनाव अर्धेच वाचता आले. पण तेवढे पुरेसे होते.

माझी धाकटी बहीण यंदा दहावी पास झाली. अकरावीचे वर्ग सहा किलोमीटरवर आहेत आणि गाडीची वेळ जुळत नाही, म्हणून तिचे शिक्षण थांबवायचे असे घरात जवळजवळ ठरले होते. मी बाबांना म्हटले, की मी वसतिगृहात राहतो, सायकल हिला राहू द्या. माय आधी नाही म्हणाली. दांडीची काळी सायकल, पोरीची जात, लोक काय म्हणतील. बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची कॅन हातात घेतली आणि ते पायीच डेअरीकडे निघाले. सायकल अंगणातच ठेवून गेले.

आठ दिवस मी रोज संध्याकाळी कॅरिअर धरून बहिणीच्या मागे धावलो. आधी हाफ पायडल, मग दांडीवरून, मग सीटवर. नवव्या दिवशी मी हात सोडला, हे तिला शंभर पावले पुढे गेल्यावर कळले. रामूअण्णा या कामाचे पंधरा रुपये घेत असत, हे मी तिला सांगितले. तिने ते उधार ठेवले आहेत.

येत्या दिवाळीत पुन्हा पैनगंगेच्या काठाने जायचे आहे. पंक्चरवाल्या काकांना उत्तर सांगायचे राहिले आहे.