तांब्याचं भूत

1957 साली निघालेलं 25 नव्या पैशांचं नाणं कुणाच्या आजोबांच्या डबीत असेल, तर त्याला लोहचुंबक लावून बघा. नाणं टपकन चिकटतं. ते लोखंडाचं नाही, निकेलचं आहे. हा निकेल धातू अ‍ॅक्सेल क्रोनस्टेट यांनी शोधला.

त्यांचा जन्म 1722 साली स्वीडन देशात झाला. वडील सैन्यात मोठे अधिकारी होते. मुलाचं मन मात्र खाणीत आणि दगडात रमलं. कोबाल्ट धातू शोधणारे गेऑर्ग ब्रांट हे त्यांचे गुरू.

त्या काळी जर्मनीतल्या खाणींत एक तांबूस दगड सापडायचा. कामगारांना वाटे, यात तांबं असणार. पण भट्टीत घातला की तांबं रतीभरही निघत नसे, उलट सोमलाचा विषारी धूर निघे. मग लोक म्हणायचे, खाणीतल्या भुतानेच तांबं पळवलं! त्या दगडाचं नावच पडलं कुप्फरनिकेल, म्हणजे तांब्याचं भूत.

1751 साली क्रोनस्टेट यांनी स्वीडनमधल्या लूस गावच्या कोबाल्टच्या खाणीतला असाच एक दगड तपासायला घेतला. तांब्याच्या भांड्यावर कळक चढते तसा त्यावर हिरवा पापुद्रा होता. यात तांबं असेल असं त्यांनाही वाटलं. त्यांनी तो आम्लात विरघळवून त्यात लोखंड ठेवलं. तांबं असतं तर ते लोखंडावर चढलं असतं. काहीच चढलं नाही! मग तो हिरवा भाग भाजून कोळशाबरोबर तापवला. पांढरा, कठीण धातू हाती आला. तो लोहचुंबकाकडे ओढला जाई. 1754 साली त्यांनी त्याचं नाव निकेल ठेवलं. भुताचं नाव धातूला!

पण काही विद्वानांना ते पटेना. हा नवा धातू नव्हेच, कोबाल्ट, लोखंड आणि सोमल यांची भेसळ आहे, असं ते म्हणत.

क्रोनस्टेट यांनी काम सोडलं नाही. सोनार नळीने फुंकर मारतो ना, तशी फुंकर मारून ते दगड तापवत. 1756 साली एक दगड तापवताच त्यातून वाफ निघाली आणि तो फेसाळून फुगला. त्याला त्यांनी झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड, म्हटलं. आपल्याकडे काळ्या पाषाणात विहीर खणताना पांढरे-गुलाबी स्फटिक निघतात, त्यांतले पुष्कळसे झिओलाइटच असतात.

1765 साली, अवघ्या 42 व्या वर्षी, क्रोनस्टेट वारले. निकेलचा वाद तसाच राहिला. पुढे 1775 साली टॉर्बर्न बर्गमन यांनी जास्त शुद्ध निकेल तयार केलं आणि तो वेगळाच धातू आहे हे दाखवून दिलं. तोवर क्रोनस्टेट यांना जाऊन दहा वर्षं झाली होती.