बाळासाहेब खेर

मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री बाळ गंगाधर खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरी येथे झाला. घरची परिस्थिती साधारण होती; परंतु बुद्धी कुशाग्र होती. १९०८ मध्ये मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. पुढे कायद्याचा अभ्यास करून १९१८ पासून ते सॉलिसिटर म्हणून व्यवसाय करू लागले. व्यवसायात जम बसला होता. परंतु केवळ धन मिळवण्यात त्यांचे मन रमले नाही.

१९२२ च्या सुमारास ते राजकारणात आले. स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस म्हणून त्यांनी काम पाहिले. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३० व १९३२ मध्ये त्यांनी कारावास सोसला. १९३७ मध्ये प्रांतोप्रांती लोकनियुक्त मंत्रिमंडळे आली. मध्य प्रांताच्या मंत्रिमंडळात रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल होते, तर मुंबई प्रांताची धुरा बाळासाहेबांकडे आली. प्रांताच्या प्रमुखास त्या काळी पंतप्रधान म्हणत. बार्डोलीच्या लढ्यात जप्त झालेल्या जमिनी त्यांच्या सरकारने शेतकऱ्यांना परत मिळवून दिल्या.

१९३९ मध्ये भारतीयांना न विचारता इंग्रजांनी देशाला युद्धात ओढले. त्याचा निषेध म्हणून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. अधिकार गेला, तरी सेवा थांबली नाही. १९४० मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले.

१९४६ मध्ये ते पुन्हा प्रांताचे प्रमुख झाले. ही कारकीर्द सोपी नव्हती. त्याच ठाणे जिल्ह्यात वारली मजुरांचा लढा पेटला असता त्यांच्या सरकारने कम्युनिस्ट पुढाऱ्यांना हद्दपार केले. सेवाव्रती माणसालाही राज्य चालवताना कठोर व वादग्रस्त निर्णय घ्यावे लागतात, हे येथे दिसते. १९४७ मध्ये हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली.

१९५२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडल्यावर ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. ज्या साम्राज्याने त्यांना तुरुंगात टाकले होते, त्याच्याच राजधानीत ते आता स्वतंत्र राष्ट्राचे प्रतिनिधी होते. मनात कटुता न ठेवता त्यांनी १९५४ पर्यंत हे काम केले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. मायदेशी परतल्यावर १९५५ मध्ये ते राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. ८ मार्च १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

पदे आली आणि गेली. सेवेचे व्रत मात्र त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले.