फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि रुग्णांच्या नोंदी

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणाऱ्या बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु रुग्णालयातील नोंदी खऱ्या व नीट असाव्यात यासाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सन १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. गणिताची त्यांना विलक्षण गोडी होती. मोठ्या घरच्या मुलीने रुग्णसेवा करावी हे घरच्यांना मुळीच पसंत नव्हते. तरीही १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे जाऊन त्यांनी शिक्षण घेतलेच.

क्रिमियाचे युद्ध सुरू असताना नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे घाण तर होतीच, पण नोंदींचाही सावळागोंधळ होता. मृतांच्या तीन याद्या होत्या. एक दफन केलेल्यांची, दुसरी डॉक्टरांची, तिसरी लष्करी कचेरीची. तिन्हींचे आकडे वेगवेगळे! शेकडो माणसे पुरली गेली, पण डॉक्टरांच्या यादीत त्यांचे नावही नव्हते. किती माणसे मेली हेच जिथे ठाऊक नाही, तिथे ती का मेली हे कसे कळणार?

मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करवली, हवा खेळती केली. फेब्रुवारीत शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ मृत्यू होत होते, ते जूनपर्यंत २ वर आले. मायदेशी परतल्यावर नाइटिंगेलबाईंनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने हे आकडे पारखून घेतले व रंगीत आकृत्यांतून सरकारपुढे ठेवले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक सैनिक मेले, हे त्यातून सर्वांना दिसले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवी, म्हणून तुलना अशक्य होई. यावर उपाय म्हणून त्यांनी एकसारखे तक्ते तयार केले. १८६० मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते मांडले गेले, काही रुग्णालयांनी वापरलेही. परंतु ते भरणे फार किचकट होते आणि रोगांच्या वर्गवारीवरही एकमत होईना. हळूहळू ते मागे पडले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. तरी येथील छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी पाणी, गटारे व आजारपण यांची माहिती मागवली होती.

इतक्या दक्ष बाईंच्या हातूनही चूक झाली. १८६३ च्या त्यांच्या पुस्तकात लंडनच्या २४ रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक दाखवले होते. वर्षभरातील ३८२८ मृत्यूंना, केवळ एका दिवशी तेथे असलेल्या ४२१४ रुग्णांनी भागले होते! वर्षभरात तर कितीतरी अधिक रुग्ण येऊन बरे होऊन गेले होते. डॉक्टरांनी यावर कडक टीका केली. नोंद खरी असली तरी हिशेब चुकला की निष्कर्ष चुकतो, हा धडा त्यातून मिळाला.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे लंडन येथे निधन झाले.

आज रुग्णालयांत संगणकावर नोंदी होतात. पण घाईत रकाना रिकामा राहिला, एकाच रोगाला दोघांनी दोन नावे दिली, एकाच रुग्णाच्या दोन नोंदी झाल्या, तर संगणक काय करणार? जे भराल तेच तो दाखवणार. तेव्हा बालमित्रांनो, प्रयोगवहीत निरीक्षण लिहिताना आणि पालकहो, दवाखान्यात पाल्याचे वय, वजन व आधीची औषधे सांगताना अंदाजाने सांगू नका. खरी नोंद हीसुद्धा रुग्णसेवाच आहे.